जुन्या साच्यातलं नवं गाणं ‘मूळ’ कलाकृती ठरतं का? अण्णा भाऊंच्या उदाहरणातून समजून घ्या

गण, गवळण, बतावणी आणि वग. तमाशाचा हा क्रम कुणा एकाने तयार केलेला नाही. मग त्याच साच्यात, त्याच ढोलकीवर कुणी नवं काही सादर केलं, तर ती मूळ कलाकृती की जुन्याची नक्कल?

सांगली जिल्ह्यातल्या वाळवा तालुक्यात याचं ठळक उदाहरण सापडतं. ईश्वरपूर (पूर्वीचं इस्लामपूर) हे या तालुक्याचं मुख्यालय. शाहीर पठ्ठे बापूराव इथल्याच रेठरे हरणाक्षचे, तर अण्णा भाऊ साठे (१९२०-१९६९) वाटेगावचे.

अण्णा भाऊंनी काय बदललं?

१९४४ मध्ये अण्णा भाऊंनी अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासोबत लाल बावटा कलापथक सुरू केलं. तमाशाचा बाज त्यांनी ठेवला, पण गणात गणपतीऐवजी मायभूमी आणि शिवरायांना वंदन केलं. वगात राजाराणीच्या जागी कामगार-शेतकऱ्यांचे प्रश्न आले. ‘माझी मैना’ ही त्यांची छक्कड. छक्कड हा लावणीचा जुना प्रकार. गावी राहिलेल्या बायकोचा विरह सांगता सांगता ती बेळगाव-कारवारच्या महाराष्ट्रापासून झालेल्या ताटातुटीवर येते. साचा जुना, आशय पूर्ण नवा.

कायदा काय सांगतो?

कॉपीराइट कायदा, १९५७ ‘मूळ’ कृतीला संरक्षण देतो. पण मूळ म्हणजे शून्यातून निर्माण केलेली, असं नव्हे. कल्पनेवर हक्क नसतो, तिच्या मांडणीवर असतो, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आर. जी. आनंद खटल्यात स्पष्ट केलं. २००७ मध्ये ईस्टर्न बुक कंपनी खटल्यात न्यायालयाने आणखी एक कसोटी दिली. आधीच्या सामग्रीवर आधारलेल्या कामात कौशल्य, विवेक आणि थोडी तरी सर्जनशीलता हवी. नुसती मेहनत पुरेशी नाही. शिवाय संरक्षण मिळतं ते नव्याने घातलेल्या भागाला, मूळ सामग्रीला नाही.

मग ही गाणी कुणीही वापरू शकतं का?

छक्कड हा प्रकार कुणीही वापरू शकतं, शब्द मात्र नाही. लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क टिकतो. त्यामुळे अण्णा भाऊंच्या हयातीत प्रसिद्ध झालेलं लेखन सर्वसाधारण नियमानुसार २०२९ अखेरपर्यंत संरक्षित आहे. तोवर त्याच शब्दांचं रिमिक्स करायचं, तर हक्कधारकाची परवानगी लागते.

यात कोण सुटतं?

तमाशा मुख्यतः महार, मांग आणि कोल्हाटी समाजांतल्या कलावंतांनी पिढ्यान्‌पिढ्या जगवला. लेखक ठाऊक नसलेल्या आणि तोंडी चालत आलेल्या या साच्यावर कॉपीराइट कायदा त्यांना सामूहिक हक्क देत नाही. म्हणजे त्यातून घडलेल्या नव्या गाण्याला मालक मिळतो, साचा जपणाऱ्यांना मोबदला मिळेलच असं नाही. मूळ कलाकृतीच्या चर्चेत हा प्रश्न अजून सुटलेला नाही.