भ्रमणध्वनीच्या पिढ्या आणि तरंगपट्ट्याची वाटणी : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :
भ्रमणध्वनीचा इतिहास साधारणतः पिढ्यांगणिक वाढत गेलेल्या वेगाचा इतिहास म्हणून मांडला जातो. परंतु रेडिओलहरींचा पट्टा मर्यादित आणि बोलू इच्छिणारे असंख्य. त्यामुळे या पट्ट्याची वाटणी कशी करावी, हाच प्रत्येक पिढीपुढील मूळ प्रश्न होता. ही वाटणी केवळ तंत्रज्ञानाने ठरली नाही, हे भारताच्या उदाहरणावरून स्पष्ट करणे हा प्रस्तुत निबंधाचा उद्देश आहे.

वाटणीच्या पद्धती :
पहिली पिढी जपानमध्ये १९७९ साली, तर अमेरिकेत १९८३ साली सुरू झाली. तिच्यात वारंवारितेची वाटणी, म्हणजे एफडीएमए होती. अमेरिकेत प्रत्येक संभाषणास दोन्ही दिशांना ३० किलोहर्ट्झची स्वतंत्र वाहिनी मिळे. बोलणारा गप्प असला तरी ती अडून राही. १९९१ साली फिनलंडमध्ये सुरू झालेल्या जीएसएम सेवेत २०० किलोहर्ट्झच्या वाहिनीवर वेळेचे आठ भाग पाडले गेले. ही टीडीएमए पद्धत होय. सीडीएमएमध्ये मात्र सर्वजण एकाच वेळी तोच पट्टा वापरतात. प्रत्येकाचा संकेत तेवढा वेगळा असतो. जपानमध्ये २००१ साली अवतरलेल्या तिसऱ्या पिढीने हेच तत्त्व ५ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यावर स्वीकारले. स्टॉकहोम व ओस्लो येथे २००९ साली सुरू झालेल्या चौथ्या पिढीने ओएफडीएमए आणले. त्यात १५ किलोहर्ट्झ अंतरावरील उपवाहक गरजेनुसार क्षणोक्षणी वाटले जातात. पाचव्या पिढीनेही हाच पाया कायम ठेवला.

भारतातील अनुभव :
३१ जुलै १९९५ रोजी ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून दिल्लीतील सुखराम यांच्याशी संभाषण करून भारतातील सेवेचा आरंभ केला. आरंभीच्या परवान्यांत जीएसएम बंधनकारक होते; १९९९ च्या धोरणाने तंत्रनिवड खुली केली. २००१ साली स्थिर दूरध्वनी कंपन्यांना मर्यादित भ्रमणाची मुभा मिळाली व त्यांनी सीडीएमएचा आश्रय घेतला. भ्रमणध्वनी परवान्यासाठी मोठे शुल्क मोजलेल्या कंपन्यांनी त्यास न्यायालयीन आव्हान दिले. येथे लक्षणीय बाब अशी की, ग्राहकाच्या भ्रमणाची सीमा लहरींनी नव्हे, तर परवान्याने आखली होती. नोव्हेंबर २००३ मधील एकत्रित परवान्याने ती पुसली. त्या काळात जीएसएमचा ग्राहक सिमकार्ड काढून दुसऱ्या संचात घालू शके. सीडीएमएचे बहुतांश संच मात्र कंपनीशीच बांधलेले असत.

निष्कर्ष :
१. नवी पिढी म्हणजे नवी वाटणीपद्धत असे समीकरण नाही; चौथ्या पिढीत वारंवारितेच्या वाटणीचे जुनेच तत्त्व सूक्ष्म रूपात परतले.
२. तरंगपट्टा ही सार्वजनिक संपत्ती आहे. तिच्या वाटणीचे नियम ठरविताना ग्राहकाचे स्वातंत्र्यही ठरत असते. म्हणून हा विषय अभियंत्यांइतकाच इतिहासाच्या व राज्यशास्त्राच्या अभ्यासकांचाही आहे.