सर्व्हरचे स्थान आणि त्याची मांडणी

केंद्र सरकारने मार्च २००५ मध्ये राज्यव्यापी जाळ्यांच्या, म्हणजे ‘स्वान’च्या, योजनेला मान्यता दिली. राज्य, जिल्हा, तालुका अशी तिची उतरंड होती आणि प्रत्येक दुव्यावर किमान वेग ठरला होता २ एमबीपीएस. या वेगाने ५०० एमबीची एक सॉफ्टवेअर सुधारणा जळगाव जिल्ह्यातल्या एरंडोलच्या तालुका कार्यालयात उतरवायची तर साधारण ३३ मिनिटे लागतात, आणि तेवढा वेळ दुसऱ्या कुठल्याही कामाला वाट मिळत नाही. कार्यालयातल्या पाच सर्व्हरनी तीच सुधारणा आपापली मागवली, तर पावणेतीन तास गेले. तीच एकदा उतरवून स्थानिक साठ्यात ठेवली, तर उरलेल्या चार सर्व्हरचा भार दुव्यावर पडतच नाही. दुव्याचा वेग वाढला तरी हिशेबाची रीत हीच राहते. म्हणून सुधारणा कुठून घ्यायची, घड्याळ कुणाशी जुळवायचे, नोंदी कुठे पाठवायच्या, हे सर्व्हर कुठे बसला आहे यावर ठरले पाहिजे.

ही मांडणी प्रत्येक सर्व्हरवर हाताने लिहीत बसले की दोन सर्व्हर कधी सारखे राहत नाहीत. ऑस्लोत मार्क बर्जेस यांनी १९९३ मध्ये सुरू केलेले सीएफइंजिन, २००५ चे पपेट आणि २०१२ चे अॅन्सिबल ही साधने याच दुखण्यावर निघाली. त्यांना ‘काय करा’ हे सांगण्यापेक्षा ‘शेवटी काय असले पाहिजे’ हे सांगायचे असते. तीच आज्ञा दहा वेळा चालवली तरी परिणाम एकच राहतो. यंत्राचा पत्ता, मास्क, गेटवे ही माहिती साधन स्वतःच गोळा करते. प्रश्न उरतो तो पत्त्यावरून स्थान ओळखण्याचा, आणि गफलत होते ती इथेच.

एक कल्पित आखणी घेऊ. जिल्ह्याला १०.२०.०.० हा सोळा बिटांचा पट्टा दिला. जळगाव जिल्ह्यात १५ तालुके आहेत. पट्ट्याचे सोळा भाग केले तर मुख्यालय धरून सगळे संपले, वाढीला जागा नाही. म्हणून बत्तीस भाग करावेत, प्रत्येकी २,०४८ पत्त्यांचे. समजा, एरंडोलला १०.२०.४० ते १०.२०.४७ हा भाग आला. आता १०.२०.४३.१५ हा सर्व्हर कुठला? ४३ आणि या भागांच्या मास्कमधला २४८ यांची बिटे एकावर एक ठेवून दोन्हींत जी १ असतील तेवढीच उचलली की ४० उरतात. म्हणजे एरंडोल. पण घाईत कुणी ‘१०.२०.४ ने सुरू होणारा पत्ता’ असा अक्षरांचा नियम लिहिला, तर ४८ आणि ४९ हे शेजारच्या भागातले पत्तेही एरंडोलचे ठरतात, आणि १०.२०.४.९ सुद्धा. पत्ता ही संख्या आहे. तिची तुलना संख्येसारखीच केली पाहिजे.

एका सर्व्हरला दोन जाळी जोडलेली असतील, तर ज्या वाटेने बाहेरची वाहतूक जाते तिचा पत्ता धरावा. १९२.१६८.१ हा पट्टा तर घरोघरी आणि दुकानोदुकानी सापडतो. त्यावरून गाव ठरवू नये. कुठला भाग कुठल्या ठिकाणाचा हे सांगणाऱ्या तक्त्यात न बसणारा पत्ता दिसला, तर जवळचे काहीतरी गृहीत धरून पुढे जाण्यापेक्षा साधनाने थांबून कळवावे.

तक्त्याची किल्ली सबनेट, म्हणजे पत्त्यांचा भाग, असावी, तालुक्याचे नाव नव्हे. जळगाव ज्यात येते त्या खानदेशाला हे समजावून सांगायची गरज पडू नये. १९०६ मध्ये त्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, १९९८ मध्ये धुळ्यातून नंदुरबार निघाले, आणि आज वेगळा तालुका असलेले धरणगाव पूर्वी एरंडोल तालुक्यात होते. सरहद्द बदलते तेव्हा केबल उचलून दुसरीकडे जात नाही. किल्ली सबनेटची असेल, तर तक्त्यातली एक ओळ बदलून काम भागते. सर्व्हरच्या नावात तालुका कोरला असेल, तर प्रत्येक यंत्र उघडावे लागते.

आणखी एक पथ्य कडकपणे पाळावे. पत्त्यावरून साठा, घड्याळ, नोंदींचे ठिकाण ठरवा. गुप्त किल्ल्या आणि अधिकार मात्र कधीही ठरवू नका. एरंडोलच्या जाळ्यात तार खुपसली की कुणाच्याही लॅपटॉपला एरंडोलचा पत्ता मिळू शकतो. पपेट प्रत्येक सर्व्हरची ओळख सही केलेल्या प्रमाणपत्राने पटवते, आणि अधिकार द्यायचे ते तेवढ्याच पुराव्यावर.