कॉम्प्युटरच्या तासाला शिकवायचं तरी काय? इंग्लंडमध्ये नेमकं काय घडलं

नववी-दहावीतल्या मुलाच्या हातात फोन द्या, पाच मिनिटांत तो रील तयार करून टाकतो. पण त्यालाच विचारा, फोटो डिलीट केला म्हणजे तो नक्की कुठून गेला आणि कुठे शिल्लक राहिला? बऱ्याचदा उत्तर येत नाही. (आपल्यापैकी किती जणांना देता येईल, हा प्रश्न वेगळाच.)

यंत्र वापरता येणं आणि ते समजणं, यातल्या या फरकावरून इंग्लंडमध्ये मोठा वाद झाला आणि तिथल्या सरकारने आख्खा विषयच बदलून टाकला.

खरं तर हा देश या बाबतीत पुढे होता. १९८१ च्या डिसेंबरमध्ये तिथे 'बीबीसी मायक्रो' नावाचा संगणक आला आणि शाळाशाळांत पोहोचला. चालू केला की समोर थेट बेसिक भाषा, म्हणजे काही करायचं तर प्रोग्राम लिहिणं आलंच. पुढे ऑफिसची सॉफ्टवेअर आली आणि शाळेतला विषय 'आयसीटी' झाला. मुलं वर्डमध्ये पत्र लिहायची, एक्सेलमध्ये तक्ता करायची, पॉवरपॉइंटच्या स्लाइड सजवायची. वर्षानुवर्षं तेच.

२०११ मध्ये गूगलचे तेव्हाचे कार्यकारी अध्यक्ष एरिक श्मिट यांनी एडिंबरा इथल्या भाषणात यावर बोट ठेवलं: तुम्ही सॉफ्टवेअर वापरायला शिकवता, ते बनतं कसं हे शिकवत नाही. जानेवारी २०१२ मध्ये रॉयल सोसायटीचा अहवाल आला. त्यात एक महत्त्वाचं काम झालं. एकाच नावाखाली कोंबलेल्या तीन गोष्टी वेगळ्या केल्या गेल्या. संगणकशास्त्र म्हणजे प्रोग्राम, अल्गोरिदम, माहिती साठवण्याची पद्धत. माहिती तंत्रज्ञान म्हणजे तयार साधनं वापरून एखादं काम तडीस नेणं. आणि डिजिटल साक्षरता म्हणजे लिहिता-वाचता येण्यासारखं प्रत्येकाला हवंच असलेलं कौशल्य: शोधणं, पारखणं, स्वतःला सुरक्षित ठेवणं.

सप्टेंबर २०१४ पासून तिथे 'कम्प्युटिंग' हा नवा विषय सुरू झाला. ११ ते १४ वर्षांच्या मुलांसाठी किमान दोन प्रोग्रामिंग भाषा (त्यातली एक तरी टाइप करून लिहायची), बायनरी अंक, अँड-ऑर-नॉटचं तर्कशास्त्र, शिवाय ऑनलाइन सुरक्षितता. कागदावर तिन्ही भाग होते.

गाडी अडली ती शिक्षकांपाशी. काल पॉवरपॉइंट शिकवणाऱ्या बाईंनी आज पायथन शिकवायचं, तर त्यांना कोण शिकवणार? २०१७ मध्ये रॉयल सोसायटीने पुन्हा पाहणी केली, तेव्हा निम्म्याहून जास्त शाळांत सोळाव्या वर्षीच्या जीसीएसई परीक्षेला संगणकशास्त्र हा विषयच नव्हता. त्यानंतर सरकारने शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी ८.४ कोटी पौंड जाहीर केले. माझ्या मते हा खर्च आधी व्हायला हवा होता.

दुसरी चूक जास्त महागात पडली. आयसीटीची जीसीएसई परीक्षा बंद झाली, २०१८ ची शेवटची. जुना विषय कंटाळवाणा असेल, पण २०१५ मध्ये तो घेणाऱ्यांत ४३ टक्के मुली होत्या. २०२३ मध्ये संगणकशास्त्र घेणाऱ्यांत मुली होत्या २१ टक्के. म्हणजे कोडिंग आलं, पण चौदाव्या वर्षानंतर बऱ्याच मुलांचा, त्यातही मुलींचा, संगणकाशी अभ्यास म्हणून संबंधच उरला नाही. अखेर नोव्हेंबर २०२५ मध्ये अभ्यासक्रम आढावा समितीने, संगणकशास्त्राच्या जागी अधिक व्यापक 'कम्प्युटिंग'ची जीसीएसई आणा, अशी शिफारस केली आणि सरकारने ती मान्य केली.

आपल्याकडे २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या टप्प्यापासून कोडिंग आहे. ते हवंच. पण 'असर २०२४' ची आकडेवारीही समोर ठेवा. ग्रामीण भारतातल्या १४ ते १६ वयोगटात ८२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येतो. त्यांपैकी ७६ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात सोशल मीडिया पाहिला होता, अभ्यासासाठी फोन वापरला होता ५७ टक्क्यांनी. सोशल मीडिया वापरणाऱ्यांपैकी पासवर्ड बदलता येत होता ५७.७ टक्क्यांना. म्हणजे दर पाचातल्या दोघांना आपल्याच खात्याचं कुलूप बदलता येत नाही. इथे पायथनच्या आधी पासवर्डचा तास घ्यावा लागेल.

आणि लॅबमधले संगणक बंद असतील तर? न्यूझीलंडच्या कँटरबरी विद्यापीठातल्या टिम बेल यांनी सहकाऱ्यांसोबत संगणकाशिवाय संगणकशास्त्र शिकवण्याचे खेळ तयार केले. त्यातला एक कुठल्याही वर्गात जमतो. पाच मुलं ओळीत उभी करा. डावीकडून त्यांच्या कार्डांवर १६, ८, ४, २, १ ठिपके. कार्ड दाखवलं तर एक, लपवलं तर शून्य. आता २६ जानेवारीचा २६ करा: १६, ८ आणि २ दिसले पाहिजेत, म्हणजे ११०१०. १ पासून ३१ पर्यंत महिन्याची प्रत्येक तारीख या पाच जणांत बसते. मग सहाव्या मुलाला डावीकडे उभं करून विचारा, याच्या कार्डावर किती ठिपके हवेत? बहुतेक वर्ग ३२ असं एकदमच ओरडतो.