दिल्लीची कूटे : पद्यात दडलेला स्थानिक इतिहास

यमकबद्ध ओळींतून एखाद्या स्थळाची वा घटनेची खूण द्यावी आणि ती ओळखण्याचे काम जाणत्यावर सोपवावे, हा प्रकार केवळ उत्सवातल्या करमणुकीपुरता मर्यादित नाही. मराठीत त्याला कूट, हुमान, उखाणा अशी नावे आहेत आणि प्रत्येक नावामागे वेगळी परंपरा आहे. सणासमारंभातील कोडे उत्तर सापडताच संपते. परंतु ज्या कोड्यांचे उत्तर एखादे वर्ष, विहीर किंवा जिना असते, ती इतिहासाच्या साधनांत जमा होतात. दिल्ली आणि तिच्या परिसरात अशा कूटांची मोठी परंपरा आढळते. विशेष म्हणजे, तिच्यातील काही धागे थेट महाराष्ट्राशी येऊन मिळतात.

या परंपरेचा लोकमानसातील मुखत्यार म्हणजे अमीर खुसरो (१२५३–१३२५). त्याच्या नावावर चालणाऱ्या पहेल्यांचे दोन वर्ग केले जातात : ज्यांचे उत्तर पद्याच्या शब्दांतच लपलेले असते त्या ‘बूझ’, आणि ज्यांचे उत्तर बाहेरून शोधावे लागते त्या ‘बिनबूझ’. यांपैकी किती रचना खरोखर खुसरोच्या, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत; त्यांची उपलब्ध हस्तलिखिते फार उत्तरकालीन आहेत. तथापि थंडी ओसरू लागली की हजरत निजामुद्दीनांच्या दर्ग्यात पिवळी वस्त्रे आणि पिवळी फुले घेऊन वसंतोत्सव साजरा होतो, आणि त्याची सुरुवात परंपरा खुसरोकडेच नेते. खुसरोच्या नावाने रूढ झालेले ते वर्गीकरण मात्र दिल्लीच्या शिलालेखांनाही लावून पाहण्याजोगे आहे.

दिल्लीच्या दक्षिणेस सारबन या गावी सापडलेला संस्कृत शिलालेख हे पहिल्या प्रकाराचे उत्तम उदाहरण होय. हा लेख पद्यात आहे. हरियाणा देशाची स्तुती, तोमरांनी वसविलेली ढिल्ली नगरी, पुढे चाहमानांचे राज्य, त्यानंतर सुलतानांची सत्ता आणि शेवटी महंमद तुघलक असा स्थानिक इतिहास त्यात क्रमाने येतो. खेतल आणि पैतल या दोन व्यापाऱ्यांनी इंद्रप्रस्थ परगण्यातील सारवल गावी विहीर खोदविली, हा लेखाचा मुख्य विषय. ‘कोठे’ याचे उत्तर कवीने सरळ दिले आहे. ‘केव्हा’ हे मात्र त्याने कूटात ठेवले आहे. वेद, वसू, अग्नी आणि चंद्र या चार शब्दांत विक्रम संवताचे वर्ष सांगितले आहे. वेद चार, वसू आठ, अग्नी तीन, चंद्र एक. आणि असे संख्याशब्द उजवीकडून डावीकडे मांडावयाचे असतात. तेव्हा वर्ष येते १३८४. मास फाल्गुन, पक्ष शुक्ल, तिथी पंचमी. म्हणजे इ. स. १३२८ च्या आरंभीचा शिशिर.

हे उत्तर हाती आले की कोडे केवळ बुद्धीचा खेळ राहत नाही. महंमद तुघलकाने देवगिरीस दौलताबाद करून तेथे राजधानी हलविली ती १३२७ च्या सुमारास. बखरकार बरनी याने नंतर लिहिताना दिल्ली इतकी ओस पडली की मांजर-कुत्रेही उरले नाही, असे वर्णन केले. पिढ्यानुपिढ्या हेच चित्र खरे मानले गेले. परंतु त्याच काळात राजधानीच्या परिसरात दोन व्यापारी पितरांच्या सद्गतीसाठी पैसा खर्चून विहीर बांधतात, कवीकडून प्रशस्ती रचवून घेतात, ती शिळेवर कोरवितात. ओस पडलेल्या प्रदेशात कोणी असे करील काय? सरसकट स्थलांतराच्या कल्पनेस हरकत घेणाऱ्या इतिहासकारांनी अशा लेखांचा आधार घेतला तो यामुळेच. चार संख्याशब्द न उलगडणाऱ्या वाचकाच्या हाती यातला केवळ देवादिकांचा उल्लेख लागेल.

फारसी परंपरेत हेच कार्य अबजद पद्धती करते. तीत प्रत्येक अक्षरास ठराविक मूल्य असते आणि अर्थपूर्ण ओळीच्या अक्षरांची बेरीज इष्ट वर्ष देते. हुमायून जानेवारी १५५६ मध्ये पुराना किल्ल्यातील शेरमंडलाच्या पायऱ्यांवरून पडला आणि त्यातच मृत्यू पावला. ‘बादशहा हुमायून गच्चीवरून पडला’ अशा आशयाच्या फारसी ओळीत कवीने ही घटना बांधली. घटना, व्यक्ती आणि स्थळ अशी तिन्ही उत्तरे त्या ओळीत आहेत. बेरीज मात्र ९६२ होते. प्रत्यक्षात हिजरी वर्ष ९६३ होते. ओळ इतकी नेमकी साधली होती की एका वर्षाची चूक तिच्या प्रसिद्धीच्या आड आली नाही. पद्य स्मृती टिकवून धरते, पण प्रसंगी वस्तुस्थिती वाकवते. कूटाचे उत्तर मिळाले तरी ते अन्य साधनांशी ताडून पाहावे लागते, हा धडा ही ओळ देते.

तिसरे कूट मराठी वाचकास तोंडपाठ आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी, पौष शुद्ध अष्टमीस, पानिपतावर मराठी सैन्याचा संहार झाला. आज राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात मोडणाऱ्या त्या रणभूमीची वार्ता उत्तरेकडे निघालेल्या नानासाहेब पेशव्यांना एका सावकारी पत्रातून कळली, असे परंपरा सांगते. दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा गेल्या, रुपये-खुर्द्याची तर गणतीच नाही, असा त्याचा आशय. येथे यमक नाही, छंद नाही. आहे ती पेढीची भाषा. विश्वासराव व सदाशिवरावभाऊ ही दोन मोत्ये, मोहरा म्हणजे सरदार, खुर्दा म्हणजे नावे न राहिलेले शिपाई. ज्याला हे उत्तर कळावयाचे होते, त्याला क्षणात कळले. जून १७६१ मध्ये नानासाहेबांचे पुण्यास पर्वतीवर निधन झाले.

तिन्ही उदाहरणांत किल्ली निराळी आहे : संख्याशब्द, अक्षरमूल्ये, सराफी संकेत. वस्तूचे मोल जाणणाऱ्याच्याच हाती ती लागावी, ही दृष्टी मात्र समान आहे. मोत्यांची नावे आपण ओळखतो. खुर्द्यात गेलेल्यांची नावे त्या कोड्याने राखलीच नाहीत. सारवलच्या शिळेवर मात्र दोन सामान्य व्यापाऱ्यांची नावे आजही वाचता येतात. संस्कृत, फारसी आणि सराफी अशा तिन्ही किल्ल्या एकाच अभ्यासकाच्या हाती असण्याचे दिवस मागे पडले आहेत. म्हणूनच अशा पद्यांना अलंकारशास्त्राच्या प्रकरणात ‘चित्रकाव्य’ म्हणून दुय्यम जागा देऊन थांबणे साहित्याच्या विद्यार्थ्यास परवडणारे नाही.