टाटा पॉवर कंपनी आणि मुंबईचे औद्योगिक अर्थकारण

टाटा पॉवर ही भारतातील खासगी क्षेत्रातील एक मोठी वीजकंपनी आहे. तिचा उगम विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईतील कापड गिरण्यांना जलविद्युत पुरवण्यासाठी निघालेल्या तीन कंपन्यांत आहे. टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक पॉवर सप्लाय कंपनी (१९१०), आंध्रा व्हॅली पॉवर सप्लाय कंपनी (१९१६) आणि टाटा पॉवर कंपनी (१९१९) या त्या तीन कंपन्या होत. २००० साली त्यांचे एकत्रीकरण झाले. परळ, लालबाग, भायखळा, वरळी या गिरणगावाची औद्योगिक वाढ, मुंबईच्या उपनगरी रेल्वेचे विद्युतीकरण आणि दक्षिण-मध्य मुंबईचा घरगुती वीजपुरवठा यांच्याशी या कंपन्यांचा इतिहास जोडलेला आहे. मुळशी खोऱ्यातील शेतकऱ्यांचे विस्थापन हाही त्याच इतिहासाचा भाग आहे.

पार्श्वभूमी

मुंबईत कापड गिरणीचा पाया कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये ताडदेव येथे घातला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शहरातील गिरण्यांची संख्या ऐंशीच्या आसपास होती. या गिरण्या वाफेच्या इंजिनांवर चालत. मुंबईजवळ कोळशाच्या खाणी नसल्याने कोळसा बंगालमधून किंवा समुद्रमार्गे परदेशातून आणावा लागे. वाहतुकीचा खर्च मोठा, भाव अस्थिर आणि धुराचा त्रास नित्याचा असे. शहरातील रस्त्यांवर १८६५ पासून गॅसचे दिवे होते. त्या काळातील गॅस कारखान्याची आठवण लालबागमधील 'गॅस कंपनी लेन' या नावात आजही टिकून आहे.

पश्चिम घाटावर पावसाळ्यात पडणारे विपुल पाणी साठवून त्यापासून वीज निर्माण करावी, ही कल्पना मुंबईतील वास्तुविशारद डेव्हिड गॉसलिंग यांनी मांडली आणि जमशेटजी टाटा यांनी ती उचलून धरली. जमशेटजींची स्वतःची अलेक्झांड्रा मिल चिंचपोकळीला होती, त्यामुळे कोळशाच्या खर्चाचा प्रश्न त्यांना जवळून ठाऊक होता. १९०४ मध्ये त्यांचे निधन झाले. पोलाद कारखाना (१९०७), बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्था (१९०९) आणि जलविद्युत कंपनी (१९१०) हे त्यांचे तिन्ही संकल्प त्यांच्या पश्चात पूर्ण झाले.

हा भारतातील पहिला जलविद्युत प्रकल्प होता, असा समज आढळतो. तो बरोबर नाही. दार्जिलिंगजवळ १८९७ मध्ये आणि म्हैसूर संस्थानातील शिवनसमुद्र येथे १९०२ मध्ये अशी केंद्रे सुरू झाली होती. टाटांच्या प्रकल्पाचे वेगळेपण असे की, त्याचे भांडवल प्रामुख्याने भारतीय संस्थानिक व व्यापारी यांच्याकडून उभे राहिले आणि त्याची वीज एका मोठ्या औद्योगिक शहरासाठी होती.

प्रकल्पाची रचना

लोणावळा, वळवण आणि शिरवटा येथे धरणे बांधण्यात आली. वळवण धरणाची कोनशिला ८ फेब्रुवारी १९११ रोजी मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांच्या हस्ते बसवण्यात आली. तलावांतील पाणी कालव्यांनी घाटमाथ्यावर आणून मोठ्या नळांतून पायथ्याच्या खोपोलीत सोडले जाते. तेथे पाचशे मीटरहून अधिक उंचीवरून आलेल्या पाण्याच्या वेगाने पेल्टन चक्रे फिरतात व वीज निर्माण होते. उंची जास्त असल्याने तुलनेने कमी पाण्यात अधिक वीज मिळते. ही वीज उच्च दाबाच्या तारांनी परळच्या ग्रहण केंद्रात येई आणि तेथून गिरण्यांना दिली जाई. पुरवठा १९१५ मध्ये सुरू झाला.

पुढे आंध्रा नदीवरील ठोकरवाडी धरणाच्या पाण्यावर भिवपुरी केंद्र (१९२२) आणि मुळशी धरणाच्या पाण्यावर भिरा केंद्र (१९२७) सुरू झाले.

गिरण्यांवरील परिणाम

पहिल्या महायुद्धात जहाजे व रेल्वे युद्धकार्यात गुंतल्याने कोळशाची टंचाई निर्माण झाली, तेव्हा घाटावरून येणाऱ्या विजेचे महत्त्व गिरणीमालकांना पटले. वाफेच्या इंजिनावर चालणाऱ्या गिरणीत एकाच मोठ्या यंत्राची शक्ती दोर, पट्टे आणि लांब दांड्यांनी प्रत्येक खात्यात न्यावी लागे. विद्युत मोटरमुळे प्रत्येक खाते स्वतंत्रपणे चालवता येऊ लागले. बॉयलर व कोळशाचे साठे यांसाठी अडलेली जागाही मोकळी होऊ शकली.

कामगारांच्या दृष्टीने विजेचा इतिहास दुहेरी आहे. टाटांची वीज येण्यापूर्वीच, १९०५ च्या सुमारास, अनेक गिरण्यांनी स्वतःच्या जनित्रांवर विजेचे दिवे लावले होते. तोवर कामाचा दिवस सूर्यप्रकाशाने मर्यादित असे. दिव्यांमुळे तो तेरा-चौदा तासांपर्यंत आणि काही ठिकाणी त्याहूनही लांबला. याविरुद्ध गिरणगावात असंतोष उसळला. चौकशी समित्यांनंतर १९११ च्या कारखाना कायद्याने कापड गिरण्यांतील प्रौढ पुरुषांचे काम दिवसाला बारा तासांवर मर्यादित केले. यंत्रशक्तीची उपलब्धता आणि श्रमाचे नियमन हे प्रश्न मुंबईत असे जोडीनेच पुढे आले.

रेल्वे आणि नागरी पुरवठा

३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस (आताचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस) ते कुर्ला या मार्गावर भारतातील पहिली विद्युत रेल्वे धावली. १९२८ मध्ये कुलाबा-बोरिवली मार्गावरही विद्युत गाड्या सुरू झाल्या. रेल्वे हे टाटांच्या वीजकंपन्यांचे गिरण्यांखालोखाल मोठे ग्राहक बनले. जलद व वारंवार सुटणाऱ्या गाड्यांमुळे नोकरदार वर्गाला दादर आणि त्यापलीकडच्या वस्त्यांत राहून फोर्ट भागात कामावर जाणे सोयीचे झाले.

गिरगाव, दादर, परळ या भागांत घरोघरी वीज पोहोचवण्याचे काम मात्र टाटांचे नव्हते. ते बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज या १९०५ मध्ये स्थापन झालेल्या कंपनीचे होते. ७ ऑगस्ट १९४७ रोजी मुंबई महापालिकेने ती ताब्यात घेतली आणि पुढे ती 'बेस्ट' या नावाने ओळखली जाऊ लागली. टाटांनी ठोक वीज निर्माण करावी आणि बेस्टने ती विकत घेऊन वितरित करावी, अशी व्यवस्था रूढ झाली. त्यामुळे चाळीतील रहिवाशाच्या हाती येणारे वीजबिल बेस्टचे असले, तरी त्यामागील वीज बऱ्याच अंशी घाटावरच्या पाण्याची असे.

मुळशी सत्याग्रह

मुळा व निळा नद्यांच्या संगमाजवळील मुळशी धरणासाठी १८९४ च्या भूसंपादन कायद्याखाली मावळातील सुमारे पन्नास गावांची जमीन घेण्याचे ठरले. एका खासगी कंपनीचे काम 'सार्वजनिक हेतू' ठरते का, हा वादाचा मुख्य मुद्दा होता. १९२१ च्या रामनवमीला सत्याग्रहास आरंभ झाला. पांडुरंग महादेव बापट व विनायकराव भुस्कुटे हे त्याचे प्रमुख नेते होते आणि 'जान किंवा जमीन' ही घोषणा होती. याच लढ्यातून बापट 'सेनापती' म्हणून ओळखले जाऊ लागले. १९२४ मध्ये त्यांनी धरणाच्या कामावरील रेल्वे अडवली व त्याबद्दल त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. त्यानंतर आंदोलन ओसरले आणि धरण पूर्ण झाले.

अनेक मावळ्यांच्या जमिनी सावकारांकडे गहाण होत्या. त्यामुळे रोख भरपाईच्या प्रश्नावर सावकार व कसणारे शेतकरी यांचे हितसंबंध एक राहिले नाहीत. राजेंद्र व्होरा यांनी आपल्या अभ्यासात हा अंतर्विरोध तपशीलाने मांडला असून, मुळशीचा लढा हा जगातील पहिला धरणविरोधी लढा असल्याचे म्हटले आहे.

पाण्याचे वळण

ही धरणे भीमा, म्हणजेच कृष्णा, खोऱ्यातील पूर्वेकडे वाहणारे पाणी पश्चिमेकडे कोकणात वळवतात. बच्छावत लवादाने या वळवणुकीवर पाच वर्षांत २१२ अब्ज घनफूट आणि कोणत्याही एका वर्षात ५४.५ अब्ज घनफूट अशी मर्यादा घातली. दुष्काळाच्या वर्षांत हे पाणी पूर्वेकडील सोलापूरसारख्या जिल्ह्यांना द्यावे, अशी मागणी होते. दुसऱ्या बाजूने, वीजनिर्मितीनंतर पाताळगंगा, उल्हास व कुंडलिका नद्यांत सोडलेल्या या पाण्यावर कोकणातील नळयोजना व कारखाने अवलंबून आहेत.

औष्णिक वीज आणि नंतरचा काळ

मागणी वाढल्याने तुर्भे (ट्रॉम्बे) येथे १९५६ मध्ये औष्णिक केंद्र सुरू झाले. देशातील पहिला ५०० मेगावॉटचा संच १९८४ मध्ये याच ठिकाणी कार्यान्वित झाला. दरम्यान, १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले आणि त्यानंतर बहुतेक गिरण्या पुन्हा पूर्वीसारख्या उभ्या राहिल्या नाहीत. ज्या ग्राहकासाठी ही वीज निर्माण झाली होती, तोच ग्राहक अस्तंगत झाला. त्याची जागा गिरण्यांच्या जमिनींवर उभी राहिलेली कार्यालये, मॉल आणि निवासी मनोरे यांनी घेतली.

कंपनीचा विस्तार पुढे मुंबईबाहेर झाला. २००२ पासून उत्तर दिल्लीत वीजवितरण आणि गुजरातमधील मुंद्रा येथे सुमारे ४,००० मेगावॉटचे कोळशावरील केंद्र ही त्याची ठळक उदाहरणे आहेत. मुंद्रा केंद्र आयात कोळशावर चालते. आयात कोळसा महागल्याने वीजदराचा दीर्घ वाद निर्माण झाला. कोळशाची परावलंबिता टाळण्यासाठी जन्मलेल्या कंपनीच्या इतिहासात ही बाब लक्षणीय आहे.

बाहेरील जाळे कोसळल्यास शहर त्यापासून अलग करून स्थानिक केंद्रांवर चालू ठेवण्याची सोय मुंबईत १९८० च्या दशकापासून आहे. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मात्र ती अपुरी ठरली. लोकल गाड्या थांबल्या आणि शहराचे व्यवहार काही तास ठप्प झाले.

मूल्यमापन

वीजकंपनीचे राष्ट्रीय उत्पन्नातील योगदान साधारणतः तिने केलेल्या मूल्यवर्धनावरून मोजले जाते. त्यात कामगारांचे वेतन, नफा, घसारा व कर यांचा समावेश होतो. परंतु वीज ही इतर उत्पादनाची पूर्वअट असल्याने तिचा प्रभाव या आकड्याहून मोठा असतो. गिरणीतील सूत, रेल्वेचा प्रवास आणि कार्यालयातील काम यांची किंमत अन्य उद्योगांच्या खात्यात जमा होते. ही मोजणी तिने झालेले नुकसानही वगळते. मुळशीच्या शेतकऱ्यांना भरपाई मिळाली ती त्या वेळच्या जमिनीच्या भावाने. पिढ्यान्‌पिढ्यांची शेती, गावे व भीमा खोऱ्यातून गेलेले पाणी यांचा हिशेब कंपनीच्या ताळेबंदात नाही. म्हणून टाटा वीजकंपन्यांच्या योगदानाचा विचार करताना परळचे ग्रहण केंद्र आणि मुळशीचा जलाशय ही एकाच व्यवस्थेची दोन टोके मानावी लागतात.