घोड-भीमेकाठचे ऊन

शिरूर आणि दौंड या तालुक्यांचा इतिहास लिहावयाचा झाल्यास तो पावसाच्या अभावापासूनच आरंभावा लागतो. ज्या पुणे जिल्ह्याच्या पश्चिम टोकास, लोणावळ्यावर, वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरांहून अधिक पर्जन्य कोसळतो, त्याच जिल्ह्याच्या या पूर्वभागी पाचशेच्या आसपास पडला तरी कुणब्याने समाधान मानावे, अशी सह्याद्रीच्या पर्जन्यछायेची रीत आहे. १८७६-७८ च्या दुष्काळाने हा मुलूख होरपळला. पुढे खडकवासल्याच्या कालव्याने दौंडच्या शिवारात पाणी आणले, आणि सरकारी दप्तरांत पाऊस, आणेवारी व तगाई यांच्या नोंदी पिढ्यान्‌पिढ्या होत राहिल्या. ऊन मात्र कोणी जमेस धरले नाही. ते फुकट होते आणि नको इतके होते.

नाही म्हणावयास, दौंड-मनमाड लोहमार्ग खुला झाला त्याच १८७८ साली मुंबईत विल्यम अॅडम्स नावाच्या गृहस्थाने आरशांनी ऊन एकवटून बाष्पयंत्र चालविण्याचा प्रयोग यशस्वी केला होता. परंतु सूर्यप्रारणाचे पद्धतशीर मापन पुण्याच्या वेधशाळेत सुरू झाले ते १९५७ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षाच्या निमित्ताने, आणि त्यामागे अॅना मणी या विदुषीचे परिश्रम होते. आज घरोघरच्या छपरांवर ‘सोलर’ चढले आहे, त्याच्या हिशेबाचा पाया या मापनात आहे.

अवर्षणाचा प्रदेश म्हणजे बारमाही ऊन, हा समज मात्र छपरावरचे मीटर पहिल्याच पावसाळ्यात खोडून काढते. जून ते ऑगस्ट पश्चिमेचा वारा घाटमाथ्यावर रिती झालेली अभ्रे पूर्वेकडे हाकीत राहतो. आभाळ भरलेले, पण थेंब नाही. पावसावाचून बाजरी आणि उन्हावाचून पॅनेल, अशी दोघांची उपासमार एकाच ढगाखाली होते, आणि या मुलखाचे खरे दैव मला तरी यातच दिसते. अॅडम्सच्या आरशांना थेट किरणच लागत; आजची पॅनेले विखुरलेल्या प्रकाशावरही थोडीबहुत वीज देतात, एवढाच दिलासा. जुलैअखेरीस सूर्य येथे अगदी माथ्यावर येतो, परंतु ती घटका बहुधा अभ्राआडच सरते.

माथ्यावरचा दुसरा योग मेच्या मध्यास येतो, आणि तेव्हा आकाश मोकळे असते. तथापि पॅनेलची क्षमता २५ अंश तापमानास गृहीत धरलेली असल्याने, त्यापुढच्या प्रत्येक अंशास उत्पादन सुमारे ०.३५ ते ०.४ टक्क्यांनी घटते, आणि भर दुपारी पॅनेल साठ अंशांपर्यंत तापले म्हणजे शेकडा बारा-चौदाची तूट सहज येते. धुळीचा थर निराळाच. म्हणून वैशाखवणव्यापेक्षा फेब्रुवारी-मार्चचे निवळ, सोसवणारे ऊन विजेस अधिक मानवते. डिसेंबरात मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून अठ्ठेचाळीस अंशांवरच राहतो, पण दक्षिणेकडे कलती बसविलेली पॅनेले ती उणीव बरीचशी भरून काढतात. गाळपाच्या हंगामात गुऱ्हाळांची व कारखान्यांची काजळी तेवढी ओल्या फडक्याने पुसावी लागते.

सप्टेंबरात परतीचा पाऊस येतो. तो बहुधा दुपारनंतर गडगडून पडतो, पॅनेले धुऊन काढतो, आणि दुसऱ्या दिवशीची सकाळ स्वच्छ ठेवतो. ज्या पावसावर रब्बीची ज्वारी उभी राहते, त्याच्याशी सोलरचेही वैर नाही. श्रावणातली तूट उन्हाळ्यातल्या शिलकेतून भागविता यावी, अशी नेट मीटरची सोय आहे. जास्तीची युनिटे पुढील बिलांत वळती होतात आणि हिशेब ३१ मार्चला मिटतो.