गोवा आणि रशिया : नकाराधिकारापासून चार्टर विमानांपर्यंत

भारत आणि रशिया यांच्या संबंधांची चर्चा सहसा दिल्ली आणि मॉस्को या दोन राजधान्यांभोवती फिरते. मात्र गेल्या सहा दशकांत या संबंधांचे प्रत्येक महत्त्वाचे वळण ज्या एका लहान प्रदेशात प्रत्यक्ष पाहता येते, तो प्रदेश गोवा आहे. संयुक्त राष्ट्रांतील एका मतदानापासून हे नाते सुरू झाले. आज ते वास्को येथील जहाजबांधणी कारखाना, दाबोळीचा नौदल तळ आणि पेडणे तालुक्याचा किनारा अशा तीन ठिकाणी विसावले आहे. रशियाच्या अंतर्गत आणि परराष्ट्र धोरणातील चढउतारांची झळ या तिन्ही ठिकाणी पोहोचते. सर्वांत आधी ती पोहोचते किनाऱ्यावरील शॅकचालकापर्यंत.

पोर्तुगीज राजवट संपविण्यासाठी भारतीय सैन्याने १९६१ च्या डिसेंबरमध्ये ‘ऑपरेशन विजय’ हाती घेतले. पोर्तुगालच्या मागणीवरून १८ डिसेंबर रोजी सुरक्षा परिषदेची बैठक झाली. तत्काळ शस्त्रसंधी करावी आणि भारताने आपले सैन्य मागे घ्यावे, असा ठराव अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तान यांनी मांडला. तेव्हा परिषदेचे ११ सदस्य होते. ठरावाच्या बाजूने सात आणि विरोधात चार मते पडली. सोव्हिएत संघ, सिलोन, लायबेरिया आणि संयुक्त अरब प्रजासत्ताक यांनी विरोधात मतदान केले. सोव्हिएत संघाचे विरोधी मत नकाराधिकार ठरल्याने ठराव फेटाळला गेला. दुसऱ्या दिवशी पोर्तुगीज फौजांनी शरणागती पत्करली. योगायोग असा की, सोव्हिएत संघाचे तत्कालीन राष्ट्रप्रमुख लिओनिद ब्रेझनेव्ह याच दिवसांत भारताच्या दौऱ्यावर होते. त्या मतदानात भारताच्या विरोधात गेलेल्या पाश्चात्त्य देशांची भूमिका आणि सोव्हिएत संघाने दिलेला आधार या दोन्हींचा ठसा भारतीय परराष्ट्र धोरणावर दीर्घकाळ राहिला.

युक्रेनवरील आक्रमणाचा निषेध करणारा ठराव २५ फेब्रुवारी २०२२ रोजी सुरक्षा परिषदेसमोर आला, तेव्हा भारत, चीन आणि संयुक्त अरब अमिराती तटस्थ राहिले आणि रशियाने पुन्हा नकाराधिकार वापरला. त्या सुमारास १९६१ च्या मतदानाचे स्मरण अनेकांनी करून दिले. हे स्मरण समजण्याजोगे असले, तरी दोन्ही प्रसंगांची बरोबरी होत नाही. गोवा ही परकीय सत्तेची वसाहत होती. युक्रेन हे संयुक्त राष्ट्रांचे सदस्य असलेले सार्वभौम राष्ट्र आहे. भारताच्या तटस्थतेमागे जुन्या उपकाराच्या जाणिवेइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, शस्त्रसामग्रीवरील अवलंबित्व होते. ते किती गुंतागुंतीचे आहे, हे गोव्यातच दिसते.

बाणावली येथे ऑक्टोबर २०१६ मध्ये ‘ब्रिक्स’ देशांची शिखर परिषद झाली. तिच्याच जोडीने १५ ऑक्टोबर रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी आणि राष्ट्राध्यक्ष व्लादिमीर पुतिन यांची वार्षिक भेट पार पडली. एस-४०० हवाई संरक्षण प्रणाली आणि नौदलासाठीच्या फ्रिगेट युद्धनौका यांविषयीचे समझोते त्या भेटीत झाले. त्यानुसार दोन नौका रशियात, तर दोन वास्कोच्या गोवा शिपयार्डमध्ये बांधण्याचे ठरले. संरक्षण मंत्रालय आणि गोवा शिपयार्ड यांच्यातील करारावर २५ जानेवारी २०१९ रोजी स्वाक्षऱ्या झाल्या. ‘त्रिपुट’ ही पहिली नौका २३ जुलै २०२४ रोजी आणि ‘तवस्य’ ही दुसरी नौका २२ मार्च २०२५ रोजी जलावतरित झाली. सुमारे १२५ मीटर लांबीच्या आणि ३,६०० टन विस्थापनाच्या या नौकांचा आराखडा रशियन आहे.

या नौकांची इंजिने मात्र रशियन नाहीत. त्यांची गॅस टर्बाइन युक्रेनमधील मिकोलाइव्ह शहरातल्या ‘झोऱ्या-माशप्रोयेक्त’ या कारखान्याची आहेत. सोव्हिएत काळात जहाजांची टर्बाइन बनविण्याचे काम प्रामुख्याने युक्रेनमध्ये होत असे आणि संघाच्या विघटनानंतरही रशियाचे नौदल त्या कारखान्यावर विसंबून होते. क्रिमिया रशियाने २०१४ मध्ये ताब्यात घेतल्यावर युक्रेनने हा पुरवठा थांबविला. परिणामी काळ्या समुद्रातील ताफ्यासाठी बांधल्या जाणाऱ्या याच जातीच्या काही नौकांचे सांगाडे कॅलिनिनग्राडच्या गोदीत इंजिनांवाचून पडून राहिले. भारताने युक्रेनकडून टर्बाइन थेट विकत घेतली आणि रशियन गोदीला पुरविली. ‘आयएनएस तुशिल’ ९ डिसेंबर २०२४ रोजी आणि ‘आयएनएस तमाल’ १ जुलै २०२५ रोजी भारतीय नौदलात दाखल झाली, ती अशी. एकमेकांशी लढणाऱ्या दोन देशांचे तंत्रज्ञान एकाच नौकेत एकत्र आले आहे. मिकोलाइव्हवर तर रशियाने युद्धाच्या पहिल्या आठवड्यांतच हल्ले चढविले होते. अशा नौकेची देखभाल, सुटे भाग आणि पुढील दुरुस्ती यांचा प्रश्न पुढील दोन-तीन दशके नौदलासमोर राहणार आहे.

दाबोळीचा ‘आयएनएस हंसा’ हा तळ याच साखळीतील दुसरा दुवा होय. ‘विक्रमादित्य’ या विमानवाहू नौकेसाठी घेतलेल्या मिग-२९के लढाऊ विमानांचे पथक मे २०१३ मध्ये येथे स्थापन झाले. सोव्हिएत बनावटीची आयएल-३८ टेहळणी विमाने सुमारे ४६ वर्षांच्या सेवेनंतर ऑक्टोबर २०२३ मध्ये याच तळावरून निवृत्त झाली. त्यांची जागा घेणारे पी-८आय अमेरिकी बनावटीचे आहे. नौदलाची पुढील लढाऊ विमानेही फ्रेंच असतील. २६ राफेल-मरीन विमानांचा करार एप्रिल २०२५ मध्ये झाला. रशियन सामग्रीचा वाटा कमी होत असल्याचे हे ठळक चिन्ह असले, तरी ती संपूर्णपणे दूर होण्यास बराच अवधी लागेल.

दाबोळीची धावपट्टी नौदलाची आहे. नागरी विमानतळ तिच्या आश्रयाने चालतो. नौदलाच्या सरावासाठी सकाळचे काही तास राखून ठेवलेल्या या धावपट्टीवर चालू शतकाच्या आरंभापासून मॉस्को, येकातेरिनबुर्ग, नोवोसिबिर्स्क अशा शहरांतून चार्टर विमाने उतरू लागली. सोव्हिएत काळात परदेशगमनासाठी सरकारची परवानगी लागत असे. ते बंधन सुटल्यावर आणि तेलाच्या चढ्या किमतींमुळे हातात पैसा खेळू लागल्यावर रशियातील मध्यमवर्ग प्रथमच मोठ्या संख्येने परदेशी किनाऱ्यांकडे वळला. उरल आणि सायबेरियातील प्रदीर्घ हिवाळा हेही त्याचे कारण होतेच. गोव्यात त्यांचा ओढा उत्तरेकडे, पेडणे तालुक्यातील मोरजी, आश्वे, मांद्रे आणि हरमल या गावांकडे राहिला. ऑलिव्ह रिडले कासवांच्या विणीसाठी प्रसिद्ध असलेले मोरजी पाहता पाहता ‘लिटल रशिया’ म्हणून ओळखले जाऊ लागले. दुकानांच्या पाट्या आणि उपाहारगृहांतील पदार्थांच्या याद्या सिरिलिक लिपीत झळकल्या. गावातील तरुणांनी व्यवहारापुरती रशियन भाषा आत्मसात केली.

आठ-दहा दिवसांच्या सहलीवर येणारे पर्यटक आणि हंगामभर मुक्काम ठोकणारे रहिवासी असे या रशियनांचे दोन वर्ग आहेत. मॉस्को किंवा सेंट पीटर्सबर्गमधील सदनिका भाड्याने देऊन त्या उत्पन्नावर येथे राहणारे, तसेच संगणकावर दूरस्थ काम करणारे दुसऱ्या वर्गात मोडतात. पहिल्या वर्गाविषयी स्थानिकांची फारशी तक्रार नाही. तक्रार आहे ती दुसऱ्या वर्गातील काहींविषयी. पर्यटक व्हिसावर येऊन परवान्याविना वाहने भाड्याने देणे, उपाहारगृहे चालविणे, जमिनी घेणे असे आरोप वारंवार झाले. परकीय चलन कायद्यानुसार भारतात निवासी नसलेल्या परदेशी नागरिकाला येथे स्थावर मालमत्ता विकत घेता येत नाही. त्यामुळे अशा व्यवहारांच्या चौकशाही झाल्या.

या पर्यटनाची नाडी रूबलच्या हाती आहे, हे २०१४ मध्ये प्रथम उघड झाले. त्या वर्षाच्या मध्यावर एका डॉलरला सुमारे ३४ रूबल पडत. क्रिमियानंतरचे निर्बंध आणि तेलाची घसरण यांमुळे १६ डिसेंबर रोजी हा दर काही काळ ८० च्या आसपास गेला. रशियाच्या मध्यवर्ती बँकेने एका रात्रीत व्याजदर १०.५ टक्क्यांवरून १७ टक्क्यांवर नेला. ऐन नाताळाच्या तोंडावर मोरजीतील खोल्या रिकाम्या राहिल्या. भारताने नोव्हेंबर २०१४ मध्ये सुरू केलेल्या ई-व्हिसा सवलतीत रशियाचा समावेश असूनही त्या हंगामात तिचा लाभ मर्यादितच झाला.

फेब्रुवारी २०२२ नंतरचा आघात अधिक खोल होता. युरोपने आपले आकाश रशियन विमानांना बंद केले. व्हिसा आणि मास्टरकार्ड कंपन्यांनी रशियातील सेवा थांबविल्याने तेथील बँकांची कार्डे परदेशात निरुपयोगी ठरली. रशियाचे स्वतःचे ‘मीर’ कार्ड भारतात चालत नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये आंशिक लष्करी भरती जाहीर होताच लाखो रशियनांनी देश सोडला. त्यांतील बहुतांश लोक कझाकस्तान आणि जॉर्जिया यांसारख्या शेजारी देशांत गेले. जानेवारी २०२३ मध्ये तर बॉम्बच्या धमकीमुळे गोव्याकडे येणारी अझूर एअरची दोन विमाने वाटेत वळवावी लागली. मॉस्कोहून निघालेले विमान ९ तारखेला जामनगरला उतरले आणि पेर्महून निघालेले २१ तारखेला उझबेकिस्तानला. दोन्ही धमक्या फोल ठरल्या.

युरोपची दारे मिटल्यामुळे रशियन पर्यटक आशियाकडे अधिक वळले, ही वस्तुस्थिती आहे. त्याचा मोठा लाभ मात्र गोव्याला झाला नाही. थायलंडने व्हिसामुक्त प्रवेश दिल्यावर २०२४ या एका वर्षात तेथे १७ लाखांहून अधिक रशियन गेले. गोव्यात मात्र सर्व देशांतून मिळून आलेल्या पर्यटकांची संख्या २०१९ मधील ९ लाखांवरून २०२४ मध्ये साडेचार लाखांच्या घरात आली. देशी पर्यटकांनी ही तूट संख्येने भरून काढली आहे. पण महिनाभर एकच खोली घेणारा पाहुणा आणि शनिवार-रविवारपुरता येणारा पाहुणा यांच्या खर्चाची रीत वेगळी असते. पेडण्यातील लहान अतिथिगृहांची गणिते पहिल्यावर बेतलेली होती.

पुतिन यांच्या डिसेंबर २०२५ मधील दिल्ली भेटीत रशियन नागरिकांना ३० दिवसांचा ई-पर्यटक व्हिसा आणि समूह पर्यटक व्हिसा निःशुल्क देण्याची घोषणा भारताने केली. गोव्यातील पर्यटन व्यावसायिकांना व्हिसाची किंमत थायलंडच्या तुलनेत अडसर वाटत होती, तो या घोषणेने दूर होण्याची अपेक्षा आहे. कार्डांचा आणि देयकांचा प्रश्न मात्र कायम असून, मोरजीतील खोलीचे भाडे आजही बहुधा रोखीनेच चुकते होते.